कडब्यावर उभी गाय

देवणी हे नाव बहुतेकांनी गायीमुळे ऐकलेलं असतं. गाव म्हणून ते लातूर जिल्ह्यात, उदगीर आणि निलंग्याच्या मध्ये, बिदरच्या हद्दीला लागून आहे. १९९९ साली तो तालुका झाला. गायीला मात्र त्याच्या कितीतरी आधी या गावाचं नाव चिकटलं होतं. लोंबते लांब कान, भरदार फुगीर कपाळ, बाहेरून वर वळलेली शिंगं आणि गळ्याखाली सैल पोळी, अशी तिची ठेवण. रंगावरून तिचे तीन प्रकार मानतात. अंग पांढरं आणि तोंडावर काळेपणा असेल तर वानेरा, सगळी पांढरी असेल तर बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असतील तर शेवरा. गीर, डांगी आणि इथली गावरान गुरं यांच्या मिश्रणातून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून ही जात घडली असं पशुशास्त्रज्ञ मानतात. कान आणि कपाळ बघितलं की गीरशी असलेलं नातं लपत नाही.

तिला डोंगरपट्टी किंवा डोंगरी असंही म्हणतात. हा डोंगर म्हणजे बालाघाटाची रांग. खाली काळी जमीन आणि वर माळ, उदगीर-बिदरकडे सरकलं की जांभ्या दगडाची लाल माती. काळ्या रानात पावसानंतर औत ओढायला ताकद लागते आणि माळावर हिंडून पोट भरायला काटकपणा लागतो. या दोन्ही गरजांतून निवड होत गेली, म्हणून देवणीचा बैल ओढकामाला चालतो आणि गाय घरापुरतं दूधही देते. शेजारच्या कंधार भागातली लालकंधारी मुख्यतः बैलासाठी नावाजलेली. मांजरा आणि गोदावरी यांच्या दरम्यान अशा दोन स्वतंत्र जाती नांदतात, ही गोष्ट साधी नाही.

या जातींना राज्यांच्या सीमा माहीत नाहीत. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादकडे (आजच्या धाराशिवकडे) आले, आणि १९८२ साली उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. कागदावर एवढ्या उलथापालथी झाल्या तरी हाळी हंडरगुळीच्या बाजारात गुरं मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषांत विकली जात राहिली. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथेही या तिन्ही मुलुखांतली जनावरं येतात. एखादी जात टिकते ती अशा देवाणघेवाणीवर. एकाच गावात कोंडली तर तिचं रक्त आटतं.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनानं देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. मराठवाड्यातल्या देवणी आणि लालकंधारीचा त्या निर्णयात नावानिशी उल्लेख आहे. गोशाळांतल्या देशी गायींसाठी प्रत्येकी दिवसाला ५० रुपये अनुदानही त्याच सुमारास ठरलं. हेतूबद्दल वाद घालण्याची ही जागा नाही. प्रश्न एवढाच, की गाय गोशाळेत वाचते की शेतात? माझं उत्तर स्पष्ट आहे. गोशाळेत जनावर जगतं, जात जगत नाही. जात जगण्यासाठी तिचं काम, तिचा चारा आणि तिच्याकडे पारखून बघणारा माणूस हे तिन्ही जागेवर असावे लागतात. यातला चारा हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून या प्रकरणात गायीपेक्षा कडब्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

थोडा हिशोब करू. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराला रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के, म्हणजे नऊ-दहा किलो कोरडी वैरण लागते. एक बैलजोडी आणि एक गाय धरली तर वर्षाला दहा टनांच्या आसपास झाली. कोरडवाहू रब्बी ज्वारीचा कडबा एकरी दोन-अडीच टन निघतो. गायरान, बांधावरचं गवत, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट यांनी निम्मं पोट भरलं, तरी उरलेल्या निम्म्यासाठी दोन-अडीच एकर ज्वारी हवी. त्या बदल्यात तीन जनावरांचं वर्षभराचं शेण उकिरड्यात कुजून चार-पाच टन खत होतं आणि ते एका हेक्टराला पुरतं. ज्वारी खाऊन ताटं गुरांना, गुरांचं शेण रानाला, रानातून पुन्हा ज्वारी. शास्त्रज्ञ ज्याला परिस्थितिकीय शेती म्हणतात तिचा इथला गाभा हाच आहे आणि तो कुणी पुस्तकातून आणलेला नाही.

हा फेरा तुटला तो एका दिवसात नाही. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. खरिपात ‘हायब्रीड’नं पोती भरली. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या माणसाला त्याचं मोल कळत होतं. पण ताट बुटकं. दाणा वाढला आणि वैरण घटली. काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळं पडायचं, ते वेगळंच. पुढे नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं आणि बघता बघता लातूरच्या खरिपाचा निम्म्याहून जास्त पेरा त्याच्याखाली गेला. सोयाबीनचं भुसकट जनावर आनंदानं खात नाही. बरंचसं रानातच पडतं, नाहीतर पेटवलं जातं. वैरण नाही म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरचं भाडं रोख द्यायचं म्हणून रोख देणारं पीक हवं, आणि मग पुन्हा सोयाबीन.

सोयाबीनला खलनायक ठरवणं सोपं आहे. मी ठरवणार नाही. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देणारं, लातूरच्या बाजारात हमखास गिऱ्हाईक असलेलं दुसरं पीक कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी दाखवलं? २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, मालदांडी ज्वारीचा ३,४२१. बाजारात सोयाबीन त्या हंगामात हमीभावाच्या खाली गेलं, हे खरं. तरीही शेतकरी तिकडेच वळला, कारण त्याच्या हिशोबात कडब्याची किंमत शून्य होती. गोठा रिकामा झाल्यावर ती शून्यच असणार. दुष्काळात २०१३, २०१६ आणि २०१९ साली चारा छावण्या उघडाव्या लागल्या तेव्हा कडब्याची खरी किंमत सरकारनं मोजली. लातूर शहराला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कडबा आणि पाणी दोन्ही बाहेरून आणायची वेळ एकाच वेळी यावी, हा योगायोग वाटत नाही.

गायरानाची कथा वेगळी आहे आणि तिथे गुळगुळीत बोलून चालत नाही. जुन्या गावगाड्याचं कौतुक करताना तो कुणाच्या पाठीवर चालला हे विसरणं लेखकांना फार सहज जमतं. दावं, कासरा, मोरखी वळणारे हात, मेलेलं जनावर ओढणारे हात आणि गावकुसाबाहेर राहणारे हात एकाच वस्तीतले होते. त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. मराठवाड्यात दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानं कसली ती पोटासाठी. हा लढा अनेक वर्षं चालला, आणि १९९० नंतर एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी त्याला संघटनेचं बळ दिलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. ज्यांना सातबारा मिळाला त्यांना तो मिळायलाच हवा होता. तेव्हा ‘गायरान परत करा म्हणजे गाय वाचेल’ ही मागणी माझ्या मते अन्यायाची आहे. गाय वाचवायची ती मालकीच्या रानातल्या वैरणीवर. ज्याच्याकडे पंधरा एकर आहे त्यानं आधी आपल्या बांधात बघावं.

आता येळवशीबद्दल, कारण मालकीच्या रानात काय काय असायचं ते हा सण सांगतो. वेळा अमावास्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. लातूर, धाराशिव आणि लगतच्या नांदेड, सोलापूर, बिदरच्या पट्ट्यात ती ज्या थाटात होते, तशी महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. माळेगावची यात्रा ऐन तिच्या तोंडावर भरते. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी असल्यासारखे रस्ते ओस पडतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, आणि पुण्या-मुंबईची पोरं रजा टाकून येतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडतात आणि पूजा करतात. आंबील, भज्जी, उंडे, खीर, धपाटे, कोंदीच्या पोळ्या डोक्यावरून रानात नेतात. रानाला नैवेद्य शिंपडतात. ज्याला शेत नाही त्याला बोलावणं असतं, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. संध्याकाळी हेंडगा पेटवून रानाला फेरी घालतात.

हे वर्णन वर्तमानपत्रांत दरवर्षी येतं. त्यात एक गोष्ट मात्र सुटते. येळवशीचं ताट नीट वाचलं तर ती रानाची यादी आहे. भज्जीत तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, हिरवा हरभरा, गाजर, पात, मेथी, आणि घट्टपणासाठी डाळीचं पीठ. आंबिलीत ज्वारीचं पीठ आणि ताक. खिरीला गहू. कोपीला कडबा. म्हणजे ज्या रानात त्या अमावास्येला तूर भरलेली आहे, हरभरा घाट्यात येतोय, बांधाला वाल चढलाय, ज्वारी पोटरीत-निसवणीत आहे आणि गोठ्यात दुभती गाय आहे, त्याच रानाला ही पूजा बाहेरून काही न आणता करता येते. सोयाबीन त्यात कुठेच नाही. ते दिवाळीपूर्वीच काढून विकलेलं असतं. आज शहरात येळवशीच्या आदल्या दिवशी भज्जीच्या भाज्यांचे ढीग लागतात आणि भाव कडाडतात. कोपीसाठी कडबा मागून आणावा लागतो. सण जोरात आहे. ज्या शेतीचा तो सण, ती शेती मात्र विरळ झाली आहे.

जुन्या पेरणीत अशी मिसळण सरसकट होती. खरिपात तुरीच्या ओळींमध्ये मूग, उडीद किंवा पिवळी ज्वारी, कडेला अंबाडी आणि तीळ. रब्बीत ज्वारीला करडईचा पट्टा, कारण करडईचे काटे मोकाट गुरांना आत येऊ देत नाहीत. मूग-उडदाच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो. तुरीचं सोटमूळ ज्वारीच्या खालच्या थरातलं पाणी पितं. एक पीक पावसानं नेलं तर दुसरं घर चालवतं. बी घरचं असायचं. राखेत नाहीतर लिंबाच्या पाल्यात घालून कणगीत ठेवायचं, आणि ते जपणं हे घरातल्या बाईचं काम. ज्वारी पेवात उतरवायची. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करायचा आणि दोघांची रानं एका जोडीनं पेरली जायची.

इथे ज्वारीचा एक हट्टीपणा सांगायला हवा, कारण या सगळ्या विषयाची किल्ली माझ्या मते तिथे आहे. ज्वारी एकट्यानं पेरता येत नाही. सगळ्या शिवारात दोनशे एकर ज्वारी असेल तर पाखरं थोडं थोडं सगळ्यांचं खातात आणि कुणाचं फारसं बिघडत नाही. दोनशे एकरांच्या मधोमध तुमची एकट्याची दोन एकर उभी असेल तर कणसं धसकटासारखी रिकामी होतात. माळा करा, गोफण फिरवा, डबे वाजवा, आठवड्याभरात माणूस दमतो. रानडुकरं आणि हरणंही तिथेच येतात. मग काढणीचं मनुष्यबळ. ज्वारी उपटायला, पेंढ्या बांधायला, खुडायला टोळी लागते आणि दोन एकरांसाठी टोळी येत नाही. म्हणून ‘ज्वारी का सोडली’ असं विचारलं तर शेतकरी बहुधा भावाचं नाव घेत नाही, पाखरांचं घेतो. शेजारी सोडतो म्हणून आपण सोडतो आणि आपण सोडतो म्हणून पलीकडचा सोडतो. जमीन, संस्कृती आणि समाज यांचं नातं वगैरे शब्द मोठे वाटतात. शिवारात त्यांचा अर्थ इतका रोकडा आहे.

या भागात परतीची वाट बायकांनी काढली, हे ध्यानात घेण्याजोगं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था लातूर आणि उस्मानाबादच्या गावांत रुजली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिनं ‘एक एकर’ची पद्धत उभी केली. घरच्या जमिनीतलं अर्धा-एक एकर रान बाईनं स्वतःच्या निर्णयानं कसायचं. त्यात ज्वारी-बाजरी, डाळी, भाज्या अशी खाण्याची अनेक पिकं घ्यायची. घरचं बी, शेणखत, गांडूळखत वापरायचं. उरलं तर विकायचं. नवऱ्याच्या सोयाबीनला हात लावायचा नाही, हा त्यातला व्यवहारी शहाणपणा. सासरा-नवरा एक एकर सोडायला तयार होतात, कारण घरखर्चाचा किराणा कमी होतो हे त्यांना वर्षात दिसतं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. गोपालन २०२२ मध्ये गेल्या. काम बायकांच्या हाती आहे. त्याची एक मर्यादा मला दिसते. सातबारावर बाईचं नाव नसेल तर तो एक एकर घरातल्या मर्जीवर राहतो.

बिदर ओलांडून तेलंगणात गेलं की झहीराबादजवळ पस्तापूर लागतं. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीत दलित बायकांच्या संघमांनी पडीक, हलक्या जमिनी भाजी-भरडधान्यांसाठी पुन्हा वहीत आणल्या. गावाचं धान्य गावातच साठवून गरिबाला देणारी स्वतःची रेशन व्यवस्थाही उभी केली. जुन्या पिकांच्या बियांची जत्रा संक्रांतीपासून गावोगाव बैलगाड्यांतून फिरते. गाड्यांवर बियांची मडकी असतात, ओढायला बैल असतात. संस्थेला २०१९ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिचे एक प्रवर्तक पी. व्ही. सतीश २०२३ मध्ये वारले. देवणीच्या माणसाला बघायला जाण्यासारखी याहून जवळची जागा नाही. माती तीच आणि ज्वारीही तीच. त्याहून लांबची गोष्ट हवी असेल तर पेरूतल्या पिसाकजवळचं ‘बटाटा उद्यान’ आहे. केचुआ समाजाच्या गावांनी जमीन एकत्र राखून बटाट्याचे शेकडो वाण पुन्हा लावले. पूर्वी संग्रहासाठी गोळा केलेले वाण परत द्या, असा करार त्यांनी २००४ मध्ये लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी केला. आपल्याकडच्या बी-संग्रहांशी असं बोलायला गावं अजून शिकलेली नाहीत.

गायीबद्दल थोडं कोरडेपणानं बोललं पाहिजे. देवणी एका वितात सरासरी आठशे-नऊशे लिटर दूध देते, स्निग्धांश चारच्या पुढे. परदेशी होल्स्टिन गायीशी त्या आकड्यांत तिनं बरोबरी करावी ही अपेक्षाच चूक आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टिन आणि देवणीच्या संकरातून ‘होलदेव’ तयार केली. दुधाच्या धंद्याला ते उत्तर असेल. पण संकर सरसकट होत गेला तर मूळ कळप विरतो. देवणीचं गणित दूध, बैल, शेण आणि काटकपणा या चौघांचं मिळून आहे. त्यातला बैल काढला की गणित बिघडतं. तीच गोष्ट शेण-गोमूत्राच्या जीवामृताची. एकराला दहा किलो शेण पुरतं, या हिशोबानं अनेकांनी गाय ठेवली आणि उकिरडा बंद केला. जीवामृतानं रानाला काही मिळत असेल, पण ज्या काळ्या रानातला सेंद्रिय अंश वर्षानुवर्षं आटत गेला त्याला टनांनी खत लागतं. बाटलीतल्या गोमूत्राबद्दल मी काही बोलत नाही. ते विकणाऱ्यांना वैरणीची चिंता नसते.

आशेला जागा आहे. २०२४ मध्ये निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं, जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळालं. मानांकनानं आपोआप भाव येत नाही. तरी बोरसुरीच्या डाळीची चव बोरसुरीच्या मातीत आहे हे सरकारी कागदावर मान्य झालं, हे कमी नाही. ज्वारी शहरात आता डॉक्टर सांगतात म्हणून खाल्ली जाते, आणि भाकरीला गिऱ्हाईक आहे. परभणीची ‘परभणी मोती’ किंवा जुनी मालदांडी घेतली तर दाणा आणि ताट दोन्ही मिळतं.

सरकारकडे मागणी एकच करावीशी वाटते. गोशाळेतल्या गायीला दिवसाला ५० रुपये मिळतात, तर स्वतःच्या गोठ्यात देवणी किंवा लालकंधारी पाळणाऱ्या, तिचा बैल जुंपणाऱ्या आणि एक-दोन एकर ज्वारी घेणाऱ्या कुटुंबालाही तेवढेच मिळावेत. जात राखण्याचं काम तेच कुटुंब करतंय.

आणि देवणी-उदगीरकडचा कुणी शेतकरी हे वाचत असेल तर त्याला एवढंच सांगणं. एकट्यानं सुरुवात करू नका. बांधाला बांध लागून असलेले सात-आठ जण एकत्र बसा आणि सलग वीस-पंचवीस एकर ज्वारी ठरवा. खरिपात तिथे सोयाबीनऐवजी मूग किंवा उडीद घ्या, म्हणजे रान वेळेवर मोकळं होईल. राखणीला पाळ्या लावा, काढणीची टोळी एकत्र बोलवा. ज्वारीच्या पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मूग-उडीद मात्र मिरगातच पेरायचा असतो, त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणं त्याआधी, उन्हाळ्यातच उरकून घ्या.